पैलवान अक्षर

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही या, तिथपर्यंत माझा आवाज आता पोचत नाही. एक कहाणी सांगतो. हरिकथेच्या मांडवातच घडलेली आहे, पण कीर्तनाच्या गादीवरून ती तुम्हाला कुणी सांगणार नाही. तिच्यात देव जरा उशिरा येतो. त्याच्या आधी येतं ते एक जाडजूड, छाताड काढून उभं राहिलेलं अक्षर. ऐकणार ना? मग ऐका.

कृष्णाबाईचा, म्हणजे आमच्या नदीचा, उत्सव तोंडावर आला होता. घाटाच्या वाटेवर माझं फलक रंगवायचं दुकान. तिथे बसून मी कुस्त्यांच्या मैदानाचा फलक करत होतो. 'जंगी' एवढा शब्द पुरा झाला होता, पुढची जागा मोकळी होती. इतक्यात फलकावर कुणाची तरी सावली पडली.

"दत्तोबा, हे अक्षर कुठल्या जातीचं?"

द्वारकाकाकू होत्या. माधवबुवा सातघऱ्यांच्या पत्नी. बुवा म्हणजे आमच्या कृष्णाकाठचे नावाजलेले कीर्तनकार. ते गादीवर उभे राहिले की काकू पेटीवाल्याशेजारी बसून झांज धरत. मी समजता झालो तेव्हापासून बुवांचं एक कीर्तन चुकवलेलं नाही. हातातला ब्रश सुकून गेला तरी चालेल, पण पूर्वरंगाला, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, हजर. त्या काकू माझ्या दुकानाची पायरी चढून आल्या म्हटल्यावर मी धांदलीनं उठलो.

"याला मी पैलवान अक्षर म्हणतो, काकू. माझं स्वतःचं आहे."

"स्वतःचं म्हणजे?"

"हे बोरूच्या वळणाचं नाही. कंपास आणि गुण्या घेऊन बांधलंय. हा 'ज' बघा. पाव वर्तुळ, आडवी पट्टी आणि सरळ खांब. 'व' असेल तर अख्खं वर्तुळ, त्याला पाठीशी खांब. कुठे बारीक, कुठे जाड असा प्रकार नाही, सगळ्या अंगानं सारखं भरलेलं. आणि वरची शिरोरेघ म्हणजे नुसती तुळई. घर उभं राहील तिच्यावर."

"शोभतं कशाला?"

"मैदानाला शोभतं. सर्कशीला, रसवंतीगृहाला, बँडवाल्याच्या ढोलाला, ट्रकच्या मागच्या फळीला. लांबून हाक मारायची असेल तिथे याच्यासारखं दुसरं नाही. लहान मात्र करायचं नाही. लहान केलं की पोटातली भोकं बुजतात आणि मुंगळे बसल्यासारखं दिसतं. आणि दुःखाच्या कामाला नाही. एकानं हट्टानं वडिलांच्या दहाव्याचा फलक यात करून घेतला. सगळं गाव विचारायला लागलं, म्हातारा गेलाय की कुणाला आव्हान देतोय?"

कोणीही हसलं असतं. काकू हसल्या नाहीत. त्या 'जंगी'कडेच बघत होत्या.

"मला यात पाट्या करून दे," त्या म्हणाल्या. "लळिताच्या कीर्तनासाठी."

लळित म्हणजे उत्सवाचं शेवटचं कीर्तन. देवाला निरोप द्यायचा, प्रसाद मागायचा, मांडव उतरवायचा. देवाच्या कामाला मी कुस्तीचं अक्षर कधी वापरलं नव्हतं. देवळाच्या पाटीला माझा हात वेगळा चालायचा. चपटा ब्रश तिरका धरून लिहायचं, मंजिरी डुलावी तशी रेघ.

"काकू, देवाच्या दारात पैलवान?"

"हो. यंदाचं लळित बुवांनी पुरं करायला हवं, दत्तोबा. मला बाकी काही नको."

यावर मी खडू घेऊन पाट्यांचं माप टिपायला बसलो. कारण गावाला ठाऊक होतं. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या एका गावी बुवा आख्यान अर्ध्यावर सोडून गादीवरून खाली उतरले होते. चक्कर आली, असं काकूंनी सांगितलं. त्यानंतर बोलावणी थांबली. आमच्या उत्सवाचे प्रमुख तात्या लागू यांनी जुन्या प्रेमापोटी लळित बुवांनाच दिलं. पण बाकीच्या मंडळींनी त्यांना बजावून ठेवलं होतं, यंदा पुन्हा तसं झालं तर पुढच्या वर्षीपासून नवा बुवा. माधवबुवांच्या घरी चौथ्या पिढीत आलेली गादी होती ती.

"शब्द सांगते," काकू म्हणाल्या. "एका पाटीवर एकच. माळीण. पहाट. सुई. पूर. दार. आणि शेवटी, हरी."

ते शब्द ऐकून उलगडा होण्याऐवजी मी जास्तच कोड्यात पडलो. ते बुवांचं स्वतः बांधलेलं आख्यान होतं. आंधळी माळीण रोज पहाटे देवाचा हार गुंफते. एक दिवस सुई हरवते, ती बोटांनीच दोरा ओवते. वाटेत नदीला पूर. कशीबशी पलीकडे जाते तर देवळाचं दार बंद. आणि मग आतून कोण येतं, हार मागायला? मी ते इतक्यांदा ऐकलं होतं, तरी 'दार' आलं की दरवेळी पुढे सरकून बसायचो.

"पण काकू, पाट्यांवर शब्द दिले तर गोष्ट आधीच फुटेल की."

"फुटू दे."

"बरं. लाल सावली देतो, नुसतं उठून—"

"सावली नको. वेलबुट्टी नको. पिवळ्यावर काळं. नजर पडली की शब्द कळला पाहिजे, शोधावा लागता कामा नये."

तेवढ्यात रस्त्यावरून बुवांचा आवाज आला. सांगतो, काय आवाज होता! म्हातारपणीही ओल्या लाकडासारखा नव्हे, वाजत्या तांब्यासारखा. काकूंना शोधत आले होते आणि येता येता दुतर्फाचे फलक मोठ्यानं वाचत होते. "गुरुकृपा सायकल मार्ट. येथे हवा भरून मिळेल. श्रीराम रसवंतीगृह. वा!" मग माझ्या दुकानासमोर थबकले.

"जंगी! दत्तोबा, जंगी काय रे? पुढे काय?"

"कुस्त्या, बुवा. मैदान आहे."

"कुस्त्या!" आणि बुवा तिथेच पायरीवर बसून मामाच्या गावच्या मैदानाची हकीकत सांगू लागले. लाल माती, हलगी, मामांचा लंगोट, चुलत्यानं हरल्यावर सांगितलेली सबब. असं रंगवून सांगितलं की शेजारचा सायकलवाला पंप हातात घेऊन उभा राहिला. काकू मात्र बुवांकडे बघत नव्हत्या. कधी फलकाकडे, कधी जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी बुवा परत त्याच वेळी आले. तोपर्यंत मी 'कुस्त्यांचे' हा शब्दही रंगवला होता. ते थबकले. "जंगी! वा, दत्तोबा. हे कधी केलंस?" आणि पायरीवर बसून मामांचं मैदान. तीच लाल माती, तोच लंगोट, हरल्यावरची तीच सबब. मी हसलो, कारण मला वाटलं बुवा माझी गंमत करताहेत. कीर्तनकाराच्या लीला, आपल्याला काय कळणार. पण मनात काहीतरी खुपत राहिलं आणि काय खुपतंय ते सांगता येईना.

पाट्या मी घरीच पडवीत करायला घेतल्या. माझी बायको हौसा तांदूळ निवडत शेजारी बसायची.

"अवो, सुई ही काय पाटी झाली? शिंप्याचं दुकान काढताय का देवळात?"

"काकूंनी सांगितलंय."

"काकूंचं वय झालं आता. तुमी तरी इचारायचं."

"विचारलं. सांगत नाहीत."

"मग दिसत नसंल मागं बसणाऱ्यांना. नाय तर त्यो गणपत, ठार बहिरा. काय चाललंय ते कळावं म्हणून त्याच्यासाठी."

हे मला पटलं. बहिरा गणपत कीर्तनाला येऊन माणसांच्या तोंडांकडे बघत बसायचा आणि सगळे हसले की मागून एकटा हसायचा. काकूंनी त्याचा विचार केला असेल. बाई प्रेमळ होत्या. पण मग एका गणपतसाठी एवढी घाई कशाला, आणि माझ्याशीही लपवालपवी कशाला? दोन घास जेवलो की पुन्हा तेच डोक्यात.

त्यात 'ह' मला छळत होता. बाकी अक्षरं वर्तुळात, खांबात बसतात. 'ह' कशातच बसत नाही. तो एकदा इकडे वळतो, एकदा तिकडे, आणि शेवटी शेपटी. जाड केला की पोट बुजतं, पातळ केला की पैलवानांच्या घोळक्यात आजारी माणूस उभा केल्यासारखा दिसतो. शेवटी मी एकावर एक दोन अर्धवर्तुळं ठेवली, एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, आणि शेपटीच्या जागी खालून सरळ तिरकी पट्टी दिली. 'हरी' उभा राहिला. विटेवर नव्हे, चौथऱ्यावर. मी त्याला हात जोडले आणि स्वतःशीच ओशाळलो.

काकू पाट्या बघायला आल्या त्या मला पाट्यांसकट थेट घाटावर घेऊन गेल्या. दुपारची वेळ, घाट रिकामा. जिथे उत्सवात गादी मांडतात त्या ओट्यावर काकू उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तू लांब जा. पार नदीच्या अंगाला, मांडवाच्या शेवटच्या मेढीचा खांब असतो तिथे. आणि एकेक पाटी डोक्यावर धर."

मी गेलो. 'पूर' धरली. काकूंनी डोळे बारीक केले, मान दुसरीकडे वळवली, मग झटकन पाटीकडे वळवली. परत तसंच. मला वाटलं, अरेरे, काकूंचीच नजर गेलेली दिसते.

"'सुई'चं पोट अजून उघड!" त्या ओरडल्या. "'स' नुसता डाग दिसतोय!"

परत आल्यावर मी न राहवून म्हटलं, "काकू, डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ या का? माझ्या ओळखीचे आहेत."

"माझे डोळे चांगले आहेत."

"मग गणपतसाठी का?"

काकूंना हसू आलं. त्या दिवसांतलं त्यांचं तेवढंच हसू मी पाहिलं. "दत्तोबा, कीर्तनात तू कसा बसतोस रे? मध्येच उठून बुवांना विचारतोस का, पुढे काय म्हणून?"

"नाही, काकू."

"तसाच बस."

लळिताच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी पाट्या घेऊन मांडवात गेलो. काकू आधीच आल्या होत्या. त्यांनी दाखवलं तिथे मी पाट्या बांधायला लागलो, आणि बांधता बांधता गोंधळून थांबलो. त्या जागेच्या पुढे श्रोते बसणार, त्यांची तोंडं गादीकडे. पाट्या त्यांच्या पाठीमागे, अगदी शेवटच्या मेढींना, नदीच्या बाजूला. गणपतची देखील पाठच होणार.

"काकू, इथे कोण वाचणार?"

"बांध तू."

बांधल्या. ओळीनं माळीण, पहाट, सुई, पूर, दार, आणि टोकाला हरी. मागे कृष्णेचं पाणी चकाकत होतं आणि पुढे ती काळी धिप्पाड अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी. मला वाटलं, आता कुणीतरी शड्डू ठोकणार.

तात्या लागू आले. उपरणं सावरत त्यांनी मांडवावरून नजर फिरवली आणि जागच्या जागी थांबले.

"दत्तू पेंटर, हे काय मांडलंय?"

"काकूंनी—"

"हरीचं नाव मागे? अरे, एवढा जनसमुदाय देवाच्या नावाकडे पाठ करून बसणार? लळिताच्या दिवशी?"

तात्या रागीट नव्हते. त्यांच्या घरात देवाच्या तसबिरीकडे पाय करून कुणी झोपत नसे, वर्तमानपत्रात देवाचं चित्र आलं तर ते कापून नदीत सोडत. त्यांचं म्हणणं मला पटलं. कुणालाही पटलं असतं.

"द्वारकावहिनी, तुमचा भाव कळतो मला," तात्या मऊपणानं म्हणाले. "पण या पुढे घेऊ. गादीच्या मागच्या पडद्यावर. सगळ्यांना दिसतील, बुवांनाही शोभा येईल."

एव्हाना बायका पुढच्या जागा धरायला यायला लागल्या होत्या. बुक्क्याचं ताट आलं होतं, पेटीवाला सूर लावत होता. काकूंनी तोंड उघडलं. आजूबाजूला बघितलं. परत मिटलं.

"'हरी' तेवढी काढा," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीच्या राहू द्या."

"हरीला एकट्याला वेगळं काढायचं? छे, छे!" तात्यांनी स्वतः धोतर खोचलं आणि पाट्या सोडवल्या. दोन-तीन उत्साही लोकांनी त्या उचलून गादीमागच्या पडद्यावर टांगल्यादेखील. "बघा, कशा झळकतात!"

खरोखर झळकत होत्या. मी काकूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काकू, काय झालं?"

"काही नाही. तात्या म्हणतात ते बरोबर आहे." आणि त्या जाऊन झांज घेऊन बसल्या.

मी मागे, रिकाम्या मेढीशी बसलो. पाट्या छान दिसत होत्या, लोक वाचत होते, 'सुई' का म्हणून कुजबुजत होते. मग काकूंना एवढं दुःख कशाचं? माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला होता.

बुवा आले. अंगरखा, पगडी, गळ्यात उपरणं. गादीला नमस्कार करून चिपळ्या हातात घेतल्या आणि नमन उचललं मात्र, सगळा घाट उठून बसला. पूर्वरंग तर असा झाला की काय सांगू. नामस्मरणावर निरूपण, मध्ये दृष्टांत, मध्ये एखादी थट्टा. तात्या मान डोलवत होते. त्यांना बजावणारे मंडळातले लोकही डोलवत होते. मध्यंतरात बुक्का लागला, बुवांच्या गळ्यात हार पडला. मला वाटलं, जिंकलं. काकू उगीच घाबरल्या.

उत्तररंग, म्हणजे आख्यान, सुरू झालं. माळीण उठली. पहाट झाली. सुई हरवली, तिनं बोटांनी दोरा ओवला, फुलं परडीत ठेवली आणि वाटेला लागली. "आणि वाटेत—" बुवा म्हणाले.

थांबले.

चिपळ्या एकदा वाजल्या. "वाटेत..." बुवांनी पेटीवाल्याकडे बघितलं. त्यानं सूर धरून ठेवला. मग बुवा हसले आणि म्हणाले, "तर अशी ती माळीण. पहाटे उठली." आणि पुन्हा सुई हरवली. पुन्हा दोरा ओवला. लोकांना वाटलं, बुवा रस घेताहेत. पुन्हा वाट आली. "आणि वाटेत..."

तिसऱ्यांदा माळीण उठली तेव्हा मांडवात चुळबुळ सुरू झाली. मंडळातल्या एकानं तात्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. तात्यांची मान खाली गेली. काकू झांज वाजवत होत्या, थांबल्या नव्हत्या, पण त्या बुवांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. नाही, माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या मेढीकडे.

आणि बुवांच्या पाठीशी, वीतभर अंतरावर, पिवळ्यावर काळं, 'पूर' लटकत होतं. सगळ्या मांडवाला दिसत होतं. एका बुवांना सोडून.

"जंगी! पुढे काय रे?" दुकानाच्या पायरीवरचा आवाज माझ्या कानात घुमला.

मी उठलो. कीर्तन चालू असताना नारदांच्या गादीपुढून कुणी जात नाही, हे आमच्याकडे लहान पोराला देखील शिकवावं लागत नाही. मी गेलो. माणसांच्या मांड्यांवरून, परड्यांवरून. गादीमागे जाऊन पाट्या उपटल्या, काखेत मारल्या आणि तसाच परत निघालो.

"दत्तू! शुद्धीवर आहेस का?" तात्या दबक्या आवाजात ओरडले. कुणीतरी माझं धोतर धरलं, मी हिसका दिला. शेवटच्या मेढीशी पोचलो, वळलो आणि 'पूर' दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

बुवांची नजर भिरभिरत होती. ती माणसांवरून, दिव्यांच्या खांबांवरून, नदीवरून फिरली आणि त्या काळ्या अक्षरांवर येऊन आदळली.

"पूर!" बुवा मोठ्यानं वाचते झाले. रस्त्यावर वाचत तसे. मग त्यांचा चेहरा उजळला. "पूर! अहो, कृष्णेला पूर! या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी!" आणि सुटले. भोवरे काय, वाहून जाणारी झाडं काय, माळणीनं डोक्यावर धरलेली परडी काय! पेटी धावली, तबला धावला. घाटावरच्या बाया पदर तोंडाशी धरून बसल्या. मी पाटीमागून एक डोळा बुवांवर ठेवून उभा होतो. पाणी ओसरत आलं, बुवांचा आवाज जरा रेंगाळला, मी 'दार' वर केली.

"दार! दार बंद!"

मला आता तात्या दिसत होते. ते मागे वळून बघत होते. पाटीकडे, मग बुवांकडे, मग द्वारकाकाकूंकडे. बराच वेळ काकूंकडे.

माळणीनं दारावर डोकं टेकलं. हार कोमेजायला आला. बुवांनी आवाज खाली आणला, अगदी खाली, आणि त्या शांततेतच पुन्हा हरवले. ओठ हलले, शब्द नाही.

मी शेवटची पाटी उचलली आणि मध्येच थबकलो. हरी. एवढ्या लोकांची पाठ. तात्या समोर.

तात्याच उठले. "अरे, हरी आलाय तिकडे, आणि तुम्ही पाठ करून बसलात?" ते गरजले. "वळा सगळे!" आणि स्वतः हात जोडून माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. आख्यानातलाच भाग असेल असं समजून पेटी-तबलावाल्यांसकट सगळा मांडव उठला, वळला आणि हात जोडून उभा राहिला. शेकडो डोळे माझ्या अक्षरावर. गादीकडे सगळ्यांची पाठ.

म्हणून पुढचं जे घडलं ते माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही.

बुवा पाटीकडे बघत होते. वाचत नव्हते. मग त्यांनी मान वळवून काकूंकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. काकूंनी उत्तर दिलं, तेही नाही. फक्त काकूंनी झांज खाली ठेवली, बुवांचा चिपळ्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि हळूच एकदा वाजवला. बुवांनी परत वर बघितलं.

"हरी!" त्यांचा आवाज नदीपार गेला. "हरी आला! दार उघडून हरी आला, आणि म्हणाला, माळणी, माझा हार कुठाय?"

घाटावर जो गजर झाला तो कितीतरी वेळ थांबेना. माझे दंड भरून आले, पण पाटी खाली घ्यायचं मला सुचलं नाही.

नंतर आरती झाली, प्रसाद झाला. लोक म्हणाले, बुवांनी काय युक्ती योजली, मागेपुढे सगळीकडे देव! मंडळातल्यांनी पुढच्या वर्षीच्या आमंत्रणाचा नारळ तिथल्या तिथे बुवांच्या हाती दिला. तात्या माझ्याजवळ येऊन उभे राहिले, उपरण्यानं डोळे पुसले.

"दत्तू, पाट्या मागेच हव्या होत्या, नाही?"

"होय, तात्या."

"वहिनींना काही विचारू नकोस."

"नाही विचारत."

मी विचारलं नाही. बुवांनी गादीवरून काय विचारलं होतं, तेही नाही. पुढच्या वर्षी मात्र ते लळिताला उभे राहू शकले नाहीत. पाट्यांनी देखील वाट सापडेना इतके ते विसरण्यात लांब गेले होते. त्या सुमारास एका सकाळी काकू परत माझ्या दुकानाची पायरी चढल्या.

"दत्तोबा, अजून एक पाटी हवी. त्याच अक्षरात. पण लहान, एवढीच." त्यांनी तळहात दाखवला. "मी पदराला लावणार आहे. घरात वावरताना."

"काकू, ते अक्षर लहान होत नाही. पोटं बुजतात."

"बघ होतं का."

"शब्द?"

त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "द्वारका."

तेव्हा मला कळलं, त्या दिवशी गादीवरून बुवांनी काय विचारलं असेल.

मी ती पाटी केली. शिरोरेघ सडसडीत केली, 'द्व'ची दोन्ही पोटं सुईच्या टोकानं उकरून मोकळी ठेवली. पैलवानाला पहिल्यांदाच हळू बोलायला शिकवलं. काकूंनी ती अखेरपर्यंत पदराला लावली. बुवा ती मोठ्यानं वाचत आणि दरवेळी खूश होत, असं शेजारचे सांगत.

आता बुवा नाहीत, काकू नाहीत. मांडवातल्या पाट्यांचा रंगही उडाला. माझाही हात आता कंपास नीट धरत नाही. तुम्ही इतक्या प्रेमानं पुढे सरकून ऐकलंत, म्हणून एक मागतो. घाटावर कधी हरिकथा ऐकलीत आणि कुणी बुवांची वाहवा केली, तर झांज धरून बाजूला बसणाऱ्या त्या बाईचं नाव मनातल्या मनात एकदा म्हणा. द्वारका. एवढं लक्षात ठेवा.